एकही पिंप न हललेला करार : क्लीव्हलँड, १८७२

१७ फेब्रुवारी ते २८ मार्च १८७२, म्हणजे पुरते सहा आठवडेही नाहीत. एवढ्या काळात ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातल्या २६ प्रतिस्पर्धी तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी २२ कारखाने एकाच कंपनीच्या ताब्यात गेले. कंपनी होती स्टँडर्ड ऑइल आणि तिचा अध्यक्ष होता ३२ वर्षांचा जॉन डी. रॉकफेलर. मार्चच्या सुरुवातीला तर ४८ तासांत सहा मालकांनी विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या. या घटनेला पुढे ‘क्लीव्हलँडची कत्तल’ असे नाव पडले.

एका शहरातले इतके मालक एकाच वेळी धंदा विकायला का तयार होतात? त्या आठवड्यांत बँका बुडाल्या नव्हत्या, तेलाच्या विहिरी आटल्या नव्हत्या, रॉकेलची मागणीही कमी झाली नव्हती. जे घडले ते एका करारामुळे. तीन रेल्वे कंपन्या आणि एक नवी, फारशी कुणाला माहीत नसलेली संस्था यांच्यात तो झाला होता. त्या कराराखाली तेलाचे एकही पिंप कधी रेल्वेने गेले नाही. अंमल सुरू होण्याआधीच तो मोडला. पण त्याच्या धाकाने झालेल्या विक्र्या कायम राहिल्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन उद्योगपतींचा उदय समजून घ्यायला मला हे प्रकरण सर्वांत उपयोगी वाटते, कारण यात कर्तबगारी आणि दांडगाई एकाच माणसाच्या हातून, एकाच महिन्यात घडताना दिसते.

तेल फार, गिऱ्हाईक थोडे

१८५९ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेकला सत्तर फुटांच्या आत तेल लागले आणि ऑइल क्रीकच्या काठावर माणसांची झुंबड उडाली. भावाला धरबंध राहिला नाही. १८६० च्या आरंभी पिंपाला २० डॉलर मिळत होते. १८६१ संपता संपता १० सेंटसुद्धा पुष्कळ वाटू लागले. तेलापेक्षा रिकामे पिंप महाग, अशी अवस्था.

कच्च्या तेलाचे रॉकेल करायला त्या काळी फार भांडवल लागत नसे. तेल तापवायचे मोठे भांडे, वाफ थंड करायची नळी, शुद्धीकरणासाठी आम्ल आणि हाताखाली चार माणसे असली की कारखाना उभा राही. त्यामुळे ज्याने त्याने कारखाना काढला. १८७० पर्यंत देशातली शुद्धीकरणाची क्षमता विहिरींतून निघणाऱ्या तेलाच्या तिप्पट झाली होती. १८६५ ते १८७० या पाच वर्षांत रॉकेलचा भाव निम्म्याहून खाली आला. बहुतेक कारखाने तोट्यात होते, हे रॉकफेलरचे मत होते आणि ते खरे मानायला हरकत नाही.

हा माणूस १८५५ मध्ये, सोळाव्या वर्षी, क्लीव्हलँडमधल्या एका अडतपेढीवर कारकून म्हणून लागला होता. त्या पेढीचे एक मालक आयझॅक ह्युइट. हे नाव पुढे पुन्हा येईल. १८६३ मध्ये त्याने तेलाच्या धंद्यात पैसा घातला. १८६५ मध्ये भागीदारांशी पटेना तेव्हा कारखान्याचा आपसात लिलाव झाला आणि ७२,५०० डॉलरची बोली लावून त्याने तो घेतला. जानेवारी १८७० मध्ये दहा लाख डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी नोंदली गेली.

त्याच्या हिशेबीपणाचे एक उदाहरण पुष्कळ काही सांगते. निर्यातीचे रॉकेल पाच गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांत भरून झाळून बंद करत. न्यूयॉर्कच्या कारखान्यात रॉकफेलरने हे काम बघताना विचारले, एका डब्याला झाळाचे थेंब किती? उत्तर आले, ४०. त्याने ३८ थेंबांनी काही डबे बंद करायला लावले. त्यातले थोडे गळले. मग ३९ वर प्रयोग झाला, एकही डबा गळला नाही आणि तेव्हापासून ३९ हाच नियम झाला. डब्यामागे एक थेंब, पण पहिल्याच वर्षी अडीच हजार डॉलर वाचले. मुंबई बंदरात अमेरिकन रॉकेल अशाच चौकोनी डब्यांतून उतरत असे आणि रिकामा झालेला तो डबा आपल्याकडच्या घरांत पाण्यापासून धान्यापर्यंत सगळ्याला वापरला जाई.

पिंपांचेही तेच. बाजारात अडीच डॉलरला मिळणारे पिंप स्टँडर्डने स्वतः करायला घेतले. लाकूड जंगलातच वाळवून आणायचे, म्हणजे ओलाव्याच्या वजनाचे भाडे वाचते. पिंप डॉलरच्या आत पडू लागले. २२ मालकांशी बोलायला रॉकफेलर गेला तेव्हा त्याची बाजू या शिस्तीमुळे आधीच भक्कम होती, हे विसरून चालणार नाही.

भाडे कोण ठरवतो

क्लीव्हलँडची जागा मात्र अडचणीची. विहिरी पूर्वेला पेनसिल्व्हेनियात आणि मोठी बाजारपेठ त्याहून पूर्वेला, न्यूयॉर्क बंदरात. म्हणजे तेल आधी पश्चिमेकडे क्लीव्हलँडला न्यायचे आणि रॉकेल करून पुन्हा सहाशे मैल पूर्वेला पाठवायचे. हा उलटा प्रवास परवडायचा तर भाडे कमी हवे. क्लीव्हलँडची जमेची बाजू एवढीच की तिथून जायला दोन रेल्वेमार्ग होते आणि उन्हाळ्यात ईरी सरोवर व कालव्याची वाट होती. पिट्सबर्ग तेलाच्या जवळ खरे, पण तिथे एकट्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेची सत्ता. मालाला दुसरी वाट असली की भाड्याची घासाघीस करता येते. रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅग्लर यात तरबेज होता.

रेल्वे कंपन्यांची अडचण वेगळी होती. रूळ, पूल, इंजिने यांवरचा खर्च आधीच होऊन गेलेला आणि कर्जाचे व्याज चालू; गाडी भरून जावो की रिकामी, तो चुकत नाही. म्हणून मालासाठी त्या एकमेकींचे भाडे पाडत. फ्लॅग्लरने न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेशी जोडलेल्या लेक शोअर रेल्वेला देकार दिला : रोज रेल्वेचे ६० डबे भरून तेल, खात्रीने, बारमाही. बदल्यात भाड्यात सूट. रेल्वेचा हिशेब सोपा होता. ठिकठिकाणचे सुटे डबे गोळा करत न्यूयॉर्कला जाऊन यायला ३० दिवस लागत. सगळी गाडी तेलाचीच असली तर १० दिवस पुरत आणि तेवढ्याच मालासाठी १,८०० ऐवजी ६०० डबे चालत. पिंपामागे जाहीर भाडे २ डॉलर ४० सेंट असताना स्टँडर्डला ते १ डॉलर ६५ सेंटला पडले.

इथपर्यंत रॉकफेलरचे वागणे मला धंद्याला धरून वाटते. घाऊक मालाला सूट कुठल्याही पेठेत मिळते आणि रेल्वेचा खर्च खरोखर वाचत होता. पण एक गोष्ट खटकते : हा दर गुप्त होता. रेल्वे काही खाजगी दुकान नव्हते. राज्याच्या सनदेने स्थापन झालेल्या, लोकांच्या जमिनी सक्तीने संपादन करण्याचा हक्क मिळालेल्या या कंपन्या होत्या. सगळ्यांना सारखे वागवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे त्या काळचे सामान्य लोकही मानत. ते कर्तव्य बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा मात्र अजून झाला नव्हता.

साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी

सुरुवातीला सांगितलेल्या कराराची योजना रेल्वेवाल्यांकडून आली, असे रॉकफेलर शेवटपर्यंत सांगत राहिला. त्यात तथ्य आहे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा टॉम स्कॉट तिचा सूत्रधार. (अँड्र्यू कार्नेगीला तरुणपणी तारायंत्रावर नोकरी देऊन पुढे आणणारा तो हाच.) पेनसिल्व्हेनियाचे विधिमंडळ तेव्हा कंपन्यांना खास सनदा देत असे. काय करायचे, कुठे करायचे याला मर्यादा नसलेली अशी एक सनद स्कॉटकडे होती. नाव ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’. नावावरून तेलाचा वाससुद्धा येत नाही. पण तिच्या २,००० शेअरपैकी ९०० स्टँडर्डच्या माणसांकडे होते. योजना आपली नव्हती, हे रॉकफेलरचे म्हणणे या आकड्यापुढे फिके पडते.

१८ जानेवारी १८७२ च्या करारावर पेनसिल्व्हेनिया, ईरी आणि न्यूयॉर्क सेंट्रल या तिन्ही रेल्वे होत्या. तेलाच्या मालापैकी ४५ टक्के पेनसिल्व्हेनियाला आणि प्रत्येकी साडेसत्तावीस टक्के इतर दोघींना, अशी वाटणी ठरली. ही वाटणी सांभाळायची जबाबदारी साउथ इम्प्रूव्हमेंटची. बदल्यात तिला तीन गोष्टी मिळणार होत्या.

पहिली, भाड्यात मोठी सूट. तेलपट्ट्यातून, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या विहिरींच्या भागातून, क्लीव्हलँडपर्यंत कच्च्या तेलाचे जाहीर भाडे पिंपाला ८० सेंट. सभासदांना त्यातले ४० परत मिळणार.

दुसरी गोष्ट अशी की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये. बाहेरच्या माणसाने पूर्ण ८० सेंट भरले की त्यातलेही ४० साउथ इम्प्रूव्हमेंटला मिळणार. हिशेब मांडून पाहा. समजा एका सभासदाने आणि एका बाहेरच्या कारखानदाराने रोज प्रत्येकी एक हजार पिंपे क्लीव्हलँडला आणली. बाहेरच्याने ८०० डॉलर भरले. सभासदाने ८०० भरून ४०० परत घेतले, आणि स्पर्धकाच्या ८०० पैकी ४०० त्याच्या गोटात आले. म्हणजे सभासदांचे तेल फुकट आले आणि ते भाडे स्पर्धकाने भरले. तो जितका जास्त धंदा करील तितका समोरच्याचा खिसा भरेल. यापुढे ३९ थेंबांची काटकसर काय टिकणार?

तिसरी गोष्ट कागदावर साधी दिसते, पण मला ती सर्वांत घातक वाटते. कोणी, कुठून, कुठे, किती तेल, काय भाड्याने पाठवले याची रोजची नोंद रेल्वे साउथ इम्प्रूव्हमेंटला देणार होती. स्पर्धकाची अख्खी वहीच समोर उघडी.

सगळे पक्के गुप्त. करार पाहण्याआधीच गुप्ततेच्या शपथपत्रावर सही घेतली जाई.

बोलणी

स्टँडर्डने तयारी आधीपासून केली होती. डिसेंबर १८७१ मध्ये क्लीव्हलँडमधला सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी, क्लार्क-पेन कंपनी, तिने घेतली. १ जानेवारी १८७२ ला भांडवल दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर आणि लगेच पस्तीस लाखांवर नेले. खरेदी करारामुळे झाली नाही, ती आधीच सुरू होती, असे म्हणणाऱ्यांचा हा मुख्य पुरावा आहे. पुरावा खरा आहे. पण क्लार्क-पेन कंपनी विकायला तयार झाली म्हणून उरलेले बावीस जणही सहा आठवड्यांत आपखुशीने तयार झाले, असे त्यातून निघत नाही.

बोलण्याची तऱ्हा सौम्य होती. रॉकफेलर आवाज चढवत नसे. धंद्यात क्षमता जास्त झाली आहे, एकत्र आल्याशिवाय कोणी वाचणार नाही, आमचा माणूस येऊन तुमच्या कारखान्याची किंमत ठरवेल, पैसे घ्या किंवा शेअर घ्या. शेअर घ्याल तर बरे, हा सल्ला तो बहुतेकांना देई. रेल्वेचा करार बोलण्यात कधी उघड येई, कधी नुसता सुचवला जाई.

ज्या पेढीत ह्युइट भागीदार होते तिच्यावरही ही वेळ आली. ज्यांच्याकडे सोळाव्या वर्षी जमाखर्च लिहिला त्या जुन्या मालकाला रॉकफेलरने सांगितले की पैसे मिळवण्याचे जे मार्ग आपल्याला ठाऊक आहेत त्यांची त्यांना कल्पना नाही. त्याच पेढीतले अलेक्झांडर यांनी त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीपुढे साक्ष दिली : या योजनेत सामील झालो नाही तर शुद्धीकरणाच्या धंद्यातून उठलोच, असा दबाव शहरातल्या जवळपास सर्वांवर होता आणि म्हणून आपण कारखाना नुकसान सोसून विकला. आणखी एक कारखानदार रॉबर्ट हॅना यांनी आधी नकार दिला. मग रेल्वेकडे चौकशी केली, तेव्हा स्टँडर्डइतके भाडे आपल्याला मिळणार नाही हे कळले. त्यांनी ४५,००० डॉलर घेतले. कारखान्याची किंमत याहून बरीच जास्त होती, असे त्यांनी पुढे शपथेवर सांगितले.

दुसरी बाजू अशी की घेतलेले पुष्कळ कारखाने जुने, गळके होते आणि स्टँडर्डने ते चालवण्याऐवजी मोडीत काढले. मोडीत काढायच्या कारखान्याला जादा किंमत का द्यायची, हा रॉकफेलरचा युक्तिवाद होता. ज्यांनी शेअर ठेवले ते नंतर श्रीमंत झाले, हेही खरे. पण शेअर घ्यायला धीर लागतो आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो रोख मागतो. शिवाय किंमत ठरवताना एका बाजूला करार माहीत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याची फक्त कुजबुज होती. अशा सौद्याला मी मोकळा सौदा म्हणणार नाही.

तेलपट्टा उठला

फेब्रुवारीच्या शेवटी गुपित फुटले तेही चुकून. लेक शोअर रेल्वेच्या एका कचेरीने नवे दर वेळेआधीच लागू केले. २६ फेब्रुवारीच्या सकाळी ऑइल क्रीकच्या लोकांनी वर्तमानपत्र उघडले तर भाडे जवळपास दुप्पट. काही थोड्या कंपन्यांना मात्र ते लागू नव्हते. दुसऱ्या दिवशी टायटसव्हिलच्या नाट्यगृहात ३,००० माणसे जमली. ‘ऑइल सिटी डेरिक’ हे वर्तमानपत्र योजनेतल्या लोकांची नावे काळ्या चौकटीत रोज छापू लागले. उत्पादकांनी संघ काढला आणि साउथ इम्प्रूव्हमेंटच्या माणसांना कच्चे तेल विकायचे नाही असे ठरवले. विहिरीवाल्यांनी हे पाळले, हे विशेष. क्लीव्हलँडच्या भट्ट्या थंडावल्या आणि स्टँडर्डला बहुतेक कामगारांना काही काळ घरी बसवावे लागले.

टायटसव्हिलमध्ये टाक्या बांधण्याच्या धंद्यातून पुढे आलेला फ्रँकलिन टार्बेल या बहिष्कारात होता. त्याची मुलगी आयडा तेव्हा १४ वर्षांची. तीस वर्षांनी, १९०२ पासून, ‘मॅक्क्लूर्स’ मासिकात तिने स्टँडर्डचा इतिहास कागदपत्रांनिशी लिहिला. आपल्याला आज या कराराचे तपशील इतके ठाऊक आहेत ते बरेचसे तिच्यामुळे. तिचा राग तिच्या लेखनात दिसतो, पण आकडे तिने पारखून घेतले होते.

रेल्वे कंपन्या आधी नमल्या. २५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी उत्पादकांशी नवा करार केला : सर्वांना एकच दर, सूट नाही, परतावा नाही. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने साउथ इम्प्रूव्हमेंटची सनद काढून घेतली.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की प्रकरणाचा सांधा दिसतो. करार मोडला २५ मार्चला. क्लीव्हलँडमधल्या खरेद्या आटोपल्या २८ मार्चला. तेलपट्ट्याने महिनाभर झगडून करार मारला, तोवर त्याचे काम झाले होते. उत्पादक विहिरींचे मालक होते, त्यांना भाडे पूर्ववत झाल्याशी मतलब. विकले गेलेले कारखाने परत करा, अशी मागणी त्यांच्या कुठल्याही ठरावाचा कणा नव्हती. क्लीव्हलँडच्या मालकांना संघ नव्हता. ते एकेकटे खोलीत बसून विकले गेले होते.

‘सर्वांना एकच दर’ फार टिकला नाही. लवकरच स्टँडर्डला पुन्हा गुप्त सवलती मिळू लागल्या. आता तिच्याकडे देशाच्या शुद्धीकरणाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा होता, तिला नाही म्हणणे कुठल्या रेल्वेला परवडणार? साउथ इम्प्रूव्हमेंटचा अध्यक्ष पीटर वॉटसन त्याच वर्षी ईरी रेल्वेचा अध्यक्ष झाला. टायटसव्हिलमध्ये योजनेविरुद्ध सर्वांत कडाडून बोलणारा तरुण कारखानदार जॉन आर्चबोल्ड १८७५ मध्ये स्टँडर्डमध्ये गेला आणि पुढे रॉकफेलरनंतर कारभार त्यानेच पाहिला. न्यूयॉर्कच्या कारखानदारांच्या वतीने विरोधाला आलेला हेन्री रॉजर्सही तिथेच पोचला. १८७९ पर्यंत देशातले सुमारे ९० टक्के शुद्धीकरण या एका छत्राखाली आले. १८८२ च्या ट्रस्टची, म्हणजे अनेक कंपन्या एका विश्वस्त मंडळाच्या हाती देणाऱ्या व्यवस्थेची, कायदेशीर घडण करणारा वकील सॅम्युअल डॉड हासुद्धा एके काळी तेलपट्ट्यातला विरोधकच.

स्वस्त रॉकेल आणि महाग प्रश्न

रॉकफेलरच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा भावाचा आहे. १८७० मध्ये गॅलनला सुमारे २६ सेंट असलेले रॉकेल १८८५ च्या सुमारास ८ सेंटच्या आसपास आले. गरिबाच्या घरात रात्री दिवा जळू लागला. हे फळ मी कमी लेखत नाही. पण भाव १८७२ च्या आधीही, दोन डझन कारखान्यांच्या स्पर्धेत, वेगाने उतरत होता. विहिरी वाढल्या, नळमार्ग आले, मोठ्या भट्ट्या आल्या; या सगळ्याचे श्रेय एका खरेदीला देता येत नाही. झाळाचा थेंब वाचवण्यासाठी आणि पिंपाचे लाकूड वाळवण्यासाठी शेजाऱ्याच्या भाड्यातून पैसे घ्यावे लागत नव्हते. स्टँडर्ड त्या बळावरही मोठी झाली असती; कदाचित सावकाश, आणि कदाचित क्लीव्हलँडमध्ये आणखी चारदोन मोठे कारखाने शिल्लक राहून.

कायदा मागून आला. १८८७ च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने रेल्वेला दर जाहीर करायला आणि पाळायला लावले. १८९० मध्ये मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला. गुप्त सूट देणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही शिक्षा करणारा एल्किन्स कायदा यायला १९०३ साल उजाडले. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्डचे ३४ कंपन्यांत विभाजन करायला लावले. त्यातली एक होती ओहायोची स्टँडर्ड ऑइल, १८७० मध्ये नोंदलेली मूळ कंपनी. १८७२ च्या त्या सहा आठवड्यांत घेतलेले कारखाने कुणालाही परत गेले नाहीत.